ओठाच्या कर्करोगाला शस्त्र लावावे की नाही

कर्करोगाच्या गाठीला शस्त्र लागले की ती चवताळते आणि रोग अंगभर पसरतो, असे मत नांदेड व लातूर जिल्ह्यांत आजही ठामपणे मांडले जाते आणि खालच्या ओठावरची न भरणारी जखम महिनोन्‌महिने लेप व जडीबुटीवर सोपवण्यामागे हेच मत असते. त्याला अनुभवाचा आधार मुळीच नाही असे नाही, कारण शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात दगावलेली माणसे लोकांनी पाहिलेली असतात. मात्र त्यांतील बहुतेकांचा रोग शस्त्रक्रियेपूर्वीच ओठ ओलांडून जबड्याच्या हाडापर्यंत किंवा मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत, म्हणजे शरीरातील पाझर गाळणाऱ्या गाठींपर्यंत, पोचलेला होता, हे या युक्तिवादातून वगळले जाते. उशिराचा दोष शस्त्रावर टाकणे हा निव्वळ काकतालीय न्याय होय. शिवाय ज्याचा रोग लहान असतानाच निघाला, त्याच्याबद्दल ‘ओठाला फोड होता, काढला’ एवढेच बोलले जाते. परिणामी कर्करोगाच्या लोकगणनेत मेलेले तेवढे उरतात आणि वाचलेले गळतात.

याच्या उलट टोकाचे मत सुशिक्षितांत आढळते. ओठाचा कर्करोग सौम्य असून शस्त्रक्रियेनंतर दहापैकी सुमारे नऊ जण पाच वर्षांहून अधिक जगतात, मग घाई कशाला, असे ते मत. हा आकडा खोटा नाही, पण तो मुख्यतः गोऱ्या कातडीच्या, उन्हात राबणाऱ्या लोकांच्या ओठाच्या कोरड्या बाह्य कडेवर उद्भवलेल्या आणि लवकर सापडलेल्या गाठींचा आहे. मराठवाड्यात चुन्यात मळलेली तंबाखू खालच्या ओठाआड तासन्‌तास धरली जाते, त्यामुळे रोग अनेकदा ओठाच्या ओल्या आतील अस्तरात सुरू होतो आणि त्याची चाल गाल व हिरड्यांच्या कर्करोगाशी अधिक जुळते. कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकी पद्धतीच्या आठव्या आवृत्तीनेही कोरड्या कडेचा रोग त्वचेच्या कर्करोगात आणि आतील रोग तोंडाच्या कर्करोगात धरला आहे. परदेशी दिलासा जसाच्या तसा उचलणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

रुग्णाचे भवितव्य खरोखर ठरते ते गाठीची रुंदी, तिची खोली, मानेतील ग्रंथींची स्थिती आणि कापलेल्या कडा यांवरून. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आणि पाच मिलिमीटरहून उथळ असेल, तर ती सर्वांत आधीच्या टप्प्यात मोडते. ओठाचा साधारण एक तृतीयांश भाग गेला तरी उरलेल्या कडा थेट शिवता येतात आणि रुग्ण पुन्हा नीट जेवू-बोलू शकतो. काढलेल्या भागाभोवती किमान पाच मिलिमीटर निरोगी ऊती आढळल्यास कड निर्धोक मानतात. ती तशी नसेल, किंवा मानेत रोग सापडला, तर किरणोपचार, ज्याला रुग्ण ‘शेक’ म्हणतात, जोडावा लागतो. मानेतील ग्रंथीत रोग शिरला की जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते, आणि उशीर घातक का, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर इथेच आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तोंडाच्या आरंभीच्या कर्करोगात मानेची शस्त्रक्रिया मूळ गाठीबरोबरच केलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, तर मानेत रोग दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. हा अभ्यास तोंडाच्या आतील रोगाचा, मुख्यत्वे जिभेचा, असला तरी अधिक शस्त्रक्रियेने माणसे अधिक जगली, हा त्याचा निष्कर्ष ‘शस्त्राने रोग पसरतो’ या समजुतीला सरळ छेद देतो.

खर्चाचे कारणही आता पूर्वीइतके टिकत नाही. राज्याच्या जीवनदायी आरोग्य योजनेच्या २०१२ मधील पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते, आणि महात्मा फुले यांच्या नावाने पुढे चाललेल्या त्याच योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया व किरणोपचार येतात. खरी उणीव शस्त्रक्रियेनंतरच्या काळात आहे. रोग उलटतो तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत, आणि तंबाखू चालूच राहिली तर त्याच तोंडात दुसरा, नवा कर्करोगही उद्भवू शकतो. म्हणून टाके निघाले म्हणजे उपचार संपले असे न मानता पहिले वर्षभर दर एक ते तीन महिन्यांनी मान व तोंड तपासून घ्यावे लागते, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी मुंबई गाठण्याची गरज नसते. नांदेडजवळील विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील कान-नाक-घसा विभागातही ही तपासणी करून घेता येते.