चांदीची पारख : वजन, घडण आणि मूठ

चांदीचे भांडे हाती आले की व्यापारी घराण्यातील माणूस आधी ते तोलून पाहतो. वजन, कस, आजचा भाव. मोडीत घडणावळ जमेस धरायची नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. विसाव्या शतकातील आधुनिक घडणीच्या युरोपीय चांदीपुढे मात्र तो उणा पडतो.

कोपनहेगन येथे गेऑर्ग येन्सन यांनी १९०४ मध्ये आपली पेढी उघडली. तिच्यासाठी योहान रोहदे यांनी १९२० मध्ये पाण्याचा एक जग रेखाटला. वेलबुट्टी नाही, बुडापासून गळ्यापर्यंत एकच वाहती रेषा. तो काळाच्या फार पुढचा वाटल्याने घडवून विक्रीस येण्यास १९२५ उजाडले. पॅरिसचे जाँ प्विफोर्का तर वर्तुळ, शंकू आणि सुवर्णगुणोत्तर यांच्या गणितातून चहाचे संच घडवीत. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी माणिकबाग राजवाड्यासाठी त्यांची चांदी घेतली होती. त्या राजवाड्यातील पुष्कळ सामान १९८० मध्ये मोनाको येथे लिलावात गेले.

नक्षीदार भांड्यात पोचा किंवा डाख नक्षीआड लपतो. साध्या पृष्ठभागाला लपवायला जागाच नसते. जाणकार संग्राहक भांड्यावर तोंडाची वाफ सोडतो. घासून काढलेली नावाची अक्षरे, जुनी डागडुजी त्या वाफेत क्षणभर उमटते. अक्षरे काढलेल्या जागी पत्रा पातळ होतो आणि अंगठ्याखाली लवतो. मग छाप पाहावी. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. डेन्मार्कच्या जुन्या कामावर ८३० आढळते. फ्रान्सच्या ९५० कसावर मिनर्व्हा देवीचे मस्तक असते. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरे असली तर तो नुसता मुलामा. सुऱ्यांच्या मुठी बहुधा पोकळ असून आत राळेसारखे भरण असते. त्या वजनात धरणे म्हणजे राळेला चांदीचा भाव देणे होय.

परंतु जैन घराने सर्वांआधी पाहावी ती चहादाणीची मूठ. चांदी उष्णता झपाट्याने वाहून नेते. म्हणून मूठ लाकडाची किंवा हस्तिदंताची करीत, अथवा चांदीच्याच मुठीत दोन ठिकाणी हस्तिदंताच्या चकत्या बसवीत. या बारीक चकत्या नजरेतून सहज सुटतात. ‘वस्तू जुनी आहे, आता कोणता हत्ती मरणार?’ असा युक्तिवाद केला जातो. तो इतरांना पटला तरी व्यापाऱ्याला पटू नये. मागणी आहे तोवर भाव टिकतो आणि भाव आहे तोवर शिकार टिकते, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक? भारतात तर हस्तिदंताचा व्यापार कायद्यानेच बंद आहे.

आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसल्या तर तो हस्तिदंत. काळसर ठिपके दिसले तर हाड. दोन्ही घराबाहेरच बरी. शिसवी किंवा आबनुसी मुठीचे संचही त्याच काळातील मिळतात, आणि काळ्या लाकडाशेजारी चांदी अधिकच उजळ दिसते. एवढेच की असे भांडे पाण्यात बुडवून ठेवू नये. लाकूड फुगते आणि वाळताना तडकते.