पोट बिघडल्यावर पहिला घास कोणता?

लग्नाची पंगत जेवून घरी यावं आणि मध्यरात्रीपासून एकापाठोपाठ एक सगळ्यांनी मोरीकडे धावावं, हे कोणत्या घराला चुकलंय? बासुंदी उन्हात राहिलेली असते, नाहीतर मसालेभात सकाळीच शिजवून झाकून ठेवलेला असतो. (असा तासन् तास कोमट राहिलेला भात फार वाईट. त्यातलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.) उलट्या-जुलाब बहुधा एक-दोन दिवसांत थांबतात. पण तोवर द्यायचं काय?

एक म्हणते कडक लंघन करा, दुसरी म्हणते दोन घास बळेच खाऊ घाला. दोघींचंही अर्धंच खरं. सुरुवातीला अन्न नसलं तरी चालेल, पाणी मात्र हवंच. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्यानं पाजा. पेलाभर एकदम दिलंत तर तो बाहेर येईल. औषधाच्या दुकानातली जलसंजीवनीची पुडी सर्वांत चांगली. तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात सगळी पुडी कालवायची. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचा हात सैल सोडू नका, लहान मुलांना अपाय होतो. या साध्या पाण्याला कमी लेखू नका बरं! १९७१ साली बनगावच्या निर्वासितांत पटकीची साथ आली, सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं असंच पाणी पाजून हजारो रोग्यांवर उपचार केले.

भूक लागली की पेज. तांदळाच्या कण्या किंचित भाजून आठपट पाण्यात अगदी गळेपर्यंत शिजवा आणि मीठ घाला. ती पचली की मऊ भात, मुगाचं पातळ वरण, पिकलं केळं, ताजं गोडं ताक. दूध दोन-चार दिवस लांबच ठेवा. दुखावलेल्या आतड्याला दुधातली साखर पचत नाही. अंगावरचं बाळ असेल तर त्याचं दूध मात्र तोडायचं नाही. बाटलीतली गोड सरबतं नकोत, त्यांनी जुलाब वाढतात.

शौचातून रक्त पडलं, ताप चढला, पाणीही टिकेना, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा मूल मलूल पडलं, तर पेजेच्या भरवशावर राहू नका. त्याच रात्री डॉक्टर गाठा.

आणि तुमचं काय? पंगतीला तुम्हीही होताच ना! सगळ्यांना पेज देऊन स्वतः मात्र कोऱ्या चहावर उभ्या राहता. तुमच्या उशाशीही तांब्या-चमचा हवा. शिवाय जुलाब थांबल्यावर दोन दिवस तुम्ही स्वयंपाकाला हात न लावणंच योग्य, कारण जंतू हातावाटे पुन्हा ताटात जातात. यजमानांना कुकर लावता येत नसेल तर या निमित्तानं येईल. कण्या कोणत्या डब्यात आहेत, तेवढं सांगून ठेवा.