जिद्दीच्या भरवशावर संस्था चालत नाहीत

महापूर ओसरला की वाळवा तालुक्यात दर वेळी एकच बोलले जाते: आपली माणसे जिद्दीची आहेत, पुन्हा उभी राहतील. 2005 मध्ये हे म्हटले गेले, 2019 मध्ये म्हटले गेले आणि दोनच वर्षांनी 2021 मध्येही. माणसे खरोखरच उभी राहिली, त्याबद्दल दुमत नाही. मात्र या कौतुकाच्या आडोशाला एक चुकीची समजूत वाढली आहे, की माणसे सावरली म्हणजे संस्थाही आपोआप सावरतात. इस्लामपूर (आताचे ईश्वरपूर) परिसरात ही समजूत विशेष धोक्याची आहे, कारण इथला संसार सहकारी संस्थांवर चालतो. साखराळ्याचा राजारामबापू पाटील कारखाना, वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर कारखाना, इस्लामपूरचा राजारामबापू दूध संघ, पेठची राजारामबापू सहकारी बँक आणि गावोगावच्या पतसंस्था यांच्यापैकी एखादी चार दिवस बंद पडली, तर नुकसान तेवढ्या दिवसांवर थांबत नाही. गाय पुरातही दोन वेळा दूध देते. ते दूध कोणी घेतले नाही तर ओतून द्यावे लागते आणि त्याचे बिल कधीच निघत नाही. म्हणून आपत्ती आली तरी कोणते काम, किती वेळात, कोणाच्या हाताने आणि कोठून पुन्हा सुरू होईल हे आधी ठरवून ठेवणे, म्हणजेच कामकाजाच्या सातत्याचा आराखडा करणे, हे सभासदांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचे कर्तव्य आहे, असे माझे म्हणणे आहे.

यावरचा सर्वात वजनदार आक्षेप असा, की ठरवून काय उपयोग? 2005 च्या महापुरानंतर लोक सावध झाले होतेच. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, त्या वर्षी पाणी शिरले, तेव्हा व्यापाऱ्यांनी गोदामांची आणि शीतगृहांची वाट धरली. सांगलीच्या पेठांत अनेकांनी 2005 ची पाण्याची खूण डोळ्यांसमोर ठेवून माल वर हलवला. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णा सुमारे 54 फुटांवर गेली होती. ऑगस्ट 2019 मध्ये ती 57 फुटांच्याही वर गेली आणि खुणेच्या वर ठेवलेला मालही बुडाला. मग नियोजन हरलेच की, असे म्हटले जाते. हा पुरावा खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. हरला तो अंदाज. मागच्या पुराची उंची म्हणजे पुढच्या पुराची मर्यादा, असे धरून चालणे हे नियोजन नव्हेच. पाणी किती फुटांवर येईल हे कोणालाच नेमके सांगता येत नाही, पण पाणी आल्यावर काय काय बंद पडते हे 2019 ने अगदी नेमके सांगितले. इस्लामपूर-सांगली रस्ता पाण्याखाली गेला, पुणे-बंगळूरू महामार्ग कोल्हापूरजवळ जवळपास आठवडाभर बंद राहिला, वीज उपकेंद्रे बुडाली, मोबाइल मुके झाले, एटीएममध्ये पैसे उरले नाहीत आणि कोल्हापूर-सांगलीचे दूध मुंबईला पोहोचेना. म्हणजे संस्थेचा विचार करता चारच गोष्टी तुटतात: जागा, माणसे, हिशेबाची यंत्रणा आणि ये-जा. आराखडा या तुटण्याचा करायचा असतो. कारण कोणतेही असो, तो उपयोगी पडतो.

हे केवळ युक्तिवादापुरते नाही. मार्च 2020 च्या अखेरीस इस्लामपुरात कोरोनाचे सुमारे 25 रुग्ण आढळले आणि देशाची टाळेबंदी नुकतीच सुरू झाली असताना हे गाव त्याहून कडक बंदोबस्तात गेले. इमारती कोरड्या होत्या, वीज होती, यंत्रे ठीक होती. घराबाहेर पडायला माणसे मात्र मोकळी नव्हती. पुढे जुलै 2024 च्या अखेरीस याच्या उलट घडले. सी-एज टेक्नॉलॉजीज या संगणकसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून तिचा संपर्क तोडण्यात आला. देशभरातल्या सुमारे 300 लहान बँकांचे, त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका आल्या, डिजिटल व्यवहार ठप्प झाले. माणसे कामावर हजर होती, शाखा उघड्या होत्या, पाऊसपाण्याचा प्रश्नच नव्हता. पूर, साथ आणि सायबर हल्ला यांच्यात काही साम्य नाही, पण तिन्ही वेळा संस्थेसमोर उभा राहिलेला प्रश्न एकच होता: नेहमीची एक सोय गेली, आता काम कसे करायचे? ज्यांनी तो आधी स्वतःला विचारला नव्हता, त्यांना तो संकटाच्या ऐन मध्यावर विचारावा लागला.

विमा आहे, सरकार आहे, असेही सांगतात. विमा बुडालेला माल भरून देतो, तोही पंचनामा आणि कागदपत्रे झाल्यावर. संकलन बंद होते म्हणून दुसऱ्या डेअरीकडे गेलेला दूध उत्पादक तो परत आणून देत नाही. सरकारचेही तसेच. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा यंत्रणेवर जबाबदाऱ्या टाकल्या, पण बोटी, निवारा आणि औषधे यांत गुंतलेल्या जिल्हाधिकाऱ्यांनी एखाद्या पतसंस्थेची खातेवही शोधायला यावे, अशी अपेक्षा ठेवणेच गैर आहे.

जिद्दीचा दाखला देणारे एक परदेशी उदाहरण आपल्या बाजूने मांडू शकतील. 1 फेब्रुवारी 1997 रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथेच बनत होता. टोयोटाचे कारखाने थांबले. मग डझनावारी पुरवठादारांनी, ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधी बनवला नव्हता त्यांनीही, तो बनवून दिला आणि आठवड्याच्या आत गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. यात मला जिद्दीपेक्षा दुसरेच दिसते. त्या पुरवठादारांना एकमेकांची यंत्रे, कारागीर आणि कामाची पद्धत वर्षानुवर्षे ठाऊक होती. सहकार्याची घडी आधी बसली होती, म्हणून ती संकटात उलगडली. सहकाराच्या या मुलखाला ते अवघड का जावे? आपले संकलन बंद पडल्यास शेजारच्या कोणत्या संघाने कोणत्या शीतकरण केंद्रात किती लिटर दूध घ्यायचे, याचा करार मे महिन्यात दोन बैठकांत होऊ शकतो. पाणी दारात आल्यावर तो फोनवर होत नाही, कारण तेव्हा फोनच लागत नाही.

खर्च कसा परवडणार, हा लहान संस्थांचा प्रश्न रास्त आहे. पण पाच कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेला महागडा सल्लागार लागत नाही. ठेवी आणि कर्जांच्या नोंदींची प्रत रोज पूरपट्ट्याबाहेर, विट्यासारख्या ठिकाणी जावी. व्यवस्थापक अडकला तर सही कोणी करायची याचा ठराव असावा. सभासदांचे फोन क्रमांक कागदावरही असावेत. राहिला कागदी घोड्यांचा आरोप. तो मात्र मी मान्य करतो. रिझर्व्ह बँकेने 30 एप्रिल 2024 रोजी कामकाजाच्या लवचिकतेवर मार्गदर्शक टिपण काढले आणि त्यात सहकारी बँकाही घेतल्या. तपासणीपुरती फाइल तयार करून ते गुंडाळून ठेवणे सहज शक्य आहे. यावर इलाज सरावाचा. वर्षातून एक दिवस मुद्दाम संगणक बंद ठेवून शाखा चालवावी, एक दिवस मुख्य रस्ता बंद धरून टँकर दुसऱ्या वाटेने न्यावा. जिथे अडेल तिथे आराखडा दुरुस्त करावा. सराव न झालेला आराखडा आणि नसलेला आराखडा यांत फरक करायचे कारण नाही.

बहुतेक सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा पावसाळ्याच्या अखेरीस होतात. तिथे सभासद लाभांशाबद्दल, दराबद्दल हक्काने विचारतात. यंदा त्यांनी संचालक मंडळाला आणखी एक गोष्ट विचारावी: आपली संस्था उद्या सकाळी अचानक थांबली, तर ती किती तासांत पुन्हा सुरू होईल आणि याचा सराव शेवटचा कधी झाला? उत्तर तारखेसह मिळेपर्यंत अहवालाला मंजुरी देऊ नये.