रामनगरचे शास्त्रीजी आणि विधिमंडळाची हरवलेली पायरी

वाराणसी : गंगेच्या पूर्व तीरावरील रामनगर काशी नरेशांच्या किल्ल्यासाठी आणि महिनाभर चालणाऱ्या रामलीलेसाठी प्रसिद्ध आहे. याच गावात लालबहादूर शास्त्री यांचे साधेसे वडिलोपार्जित घर आहे. 2018 पासून ते स्मृतिसंग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले झाले. तेथे येणाऱ्याला ‘जय जवान, जय किसान’ची घोषणा आठवते, 1965 चे युद्ध आठवते, ताश्कंदही आठवते. मात्र पंतप्रधान होण्यापूर्वी शास्त्रीजी दीर्घकाळ राज्याच्या विधानसभेचे सदस्य होते, याचे स्मरण क्वचितच होते. त्यांची प्रशासकीय घडण मात्र तेथेच झाली.

1937 मध्ये शास्त्रीजी अलाहाबादमधून संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले. तेव्हा ते 32 वर्षांचे होते. त्या वेळी रामनगर बनारस संस्थानात असल्याने प्रांतिक विधानसभेच्या कक्षेबाहेर होते. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले आणि रामनगर उत्तर प्रदेशाचा भाग बनले. आज ते वाराणसी कॅन्टोन्मेंट विधानसभा मतदारसंघात येते. शास्त्रीजींचे राजकीय क्षेत्र मात्र प्रारंभापासून अलाहाबादच राहिले. तेथील नगरपालिकेच्या कारभाराचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

पहिली कारकीर्द अल्पायुषी ठरली. 1939 मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि पुढची वर्षे आंदोलनात व तुरुंगात गेली. खरी संधी 1946 मध्ये आली. मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत यांच्या सरकारात त्यांची संसदीय सचिव म्हणून नियुक्ती झाली. मंत्र्याच्या हाताखाली खात्याचे कामकाज शिकणे, सभागृहातील उत्तरांची तयारी करणे आणि प्रशासनाची नाडी ओळखणे, असे या पदाचे स्वरूप होते. रफी अहमद किडवाई 1947 मध्ये केंद्रात गेल्यावर पोलीस व परिवहन ही खाती शास्त्रीजींकडे आली. परिवहन सेवेत महिला वाहकांची नेमणूक आणि जमाव पांगवण्यासाठी लाठीऐवजी पाण्याच्या फवाऱ्याचा वापर, हे त्या काळातील त्यांचे निर्णय आजही सांगितले जातात.

त्याच 1946 साली मुंबई प्रांतात दक्षिण साताऱ्यातून निवडून आलेला एक तरुण आमदार गृहमंत्री मोरारजी देसाई यांचा संसदीय सचिव झाला. ते होते यशवंतराव चव्हाण. लखनौ आणि मुंबई येथे एकाच वर्षी एकाच पायरीवर पाऊल ठेवणारे हे दोघे 1965 च्या युद्धात पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री म्हणून एकत्र होते. तो केवळ योगायोग नव्हता. विधिमंडळ हीच नेतृत्वाची पाठशाळा असल्याचा तो परिणाम होता.

पुढे या पायरीचे रूप पालटले. अनेक राज्यांत संसदीय सचिवपद नाराज आमदारांची सोय लावण्याचे साधन बनले. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाच्या आकारावर सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांची मर्यादा घातली. तिला वळसा घालण्याचा मार्ग म्हणूनही या पदाकडे पाहिले जाऊ लागले. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामचा संसदीय सचिवांविषयीचा कायदा रद्द ठरवला. पदाचा गैरवापर थांबणे आवश्यकच होते. पण त्याबरोबर नव्या आमदाराच्या प्रशिक्षणाची वाटही बंद झाली आणि तिची जागा घेणारी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही.

15 टक्क्यांच्या हिशेबाने महाराष्ट्राच्या 288 सदस्यांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त 43 मंत्री होऊ शकतात. उत्तर प्रदेशच्या 403 सदस्यांच्या सभागृहात 60. उरलेल्या शेकडो आमदारांनी कारभार कोठे शिकायचा? लोकलेखा समिती, अंदाज समिती आणि विधेयकांची छाननी करणाऱ्या समित्या हे त्याचे उत्तर असू शकते. मात्र मतदारसंघातील निधी, उद्घाटने आणि पक्षांतर्गत समीकरणे यांत आमदाराचा वेळ जात असेल, तर समितीची कागदपत्रे वाचायला कोण बसणार, हा प्रश्न उरतोच.

1952 च्या निवडणुकीतही शास्त्रीजी विधानसभेवर निवडून आले होते. पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावून रेल्वे खाते सोपवले. 1956 मध्ये महबूबनगरच्या अपघातानंतर त्यांनी दिलेला राजीनामा नेहरूंनी स्वीकारला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अरियालूर येथे पुन्हा भीषण अपघात घडला, तेव्हा ते पदावर राहिले नाहीत. हा राजीनामा त्यांच्या व्यक्तिगत सचोटीचा दाखला म्हणून सांगितला जातो आणि ते यथार्थच आहे. परंतु खात्याच्या चुकीचे उत्तर मंत्र्याने द्यायचे, हा संसदीय लोकशाहीचा मूलभूत धडा आहे. शास्त्रीजींनी तो दिल्लीत येण्यापूर्वी अनेक वर्षे जवळून पाहिला होता.

रामनगरच्या घरात शास्त्रीजींच्या साधेपणाचे दर्शन घडते. त्या साधेपणामागे नगरपालिका, विधानसभा, संसदीय सचिव आणि मंत्री अशा एकेका पायरीने मिळवलेली योग्यता होती. त्यांच्या जयंतीला दरवर्षी पुष्पहार अर्पण होतात. विधिमंडळांनी नव्या आमदारांसाठी शिकण्याची अशी एखादी पायरी पुन्हा बांधली, तर त्या स्मरणाला अर्थ येईल.