बोलीदार मागे फिरला, किंमत कोणी मोजायची?

कर्ज थकतं, घराचा लिलाव होतो, सगळ्यात मोठी बोली लावणारा पुढे येतो आणि नंतर तोच माघार घेतो. मग बँक आणि बोलीदार यांच्यात अनामत रकमेवरून खटला सुरू होतो. जिचं घर लिलावात निघालं, ती बाई मात्र या खटल्यात कुठेच नसते. म्हणून, मैत्रिणींनो, हा रूक्ष वाटणारा विषय मला आपलाच वाटतो.

घर नवऱ्याच्या नावावर, कर्ज त्याच्या धंद्यासाठी. पण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही बायकोची, हे आपल्याकडे सर्रास घडतं. 2002च्या सरफेसी कायद्याखाली बँक कोर्टात न जाता गहाण घर विकू शकते. विक्रीतून कर्ज फिटलं नाही, तर उरलेल्या रकमेसाठी सही करणारीच्या मागे लागू शकते. म्हणजे घर कितीला गेलं, यावर तिचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं.

नियम असा, की बोली मंजूर होताच त्याच दिवशी किंवा कामकाजाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत 25 टक्के रक्कम भरायची. उरलेली विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली, तरी तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलं तर अनामत जप्त आणि मालमत्तेचा पुन्हा लिलाव.

2024 साली सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कडकपणे उचलून धरला. 12 कोटी 27 लाखांची बोली लावणाऱ्याला उरलेले पैसे वेळेत भरता आले नाहीत. फेरलिलावात त्याच मालमत्तेला 14 कोटी 76 लाख आले, म्हणजे बँकेचं नुकसान झालं नव्हतं. नुकसानीपेक्षा जास्त रक्कम जप्त करता येणार नाही, असं मद्रास उच्च न्यायालय म्हणालं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं आणि सुमारे 3 कोटींची पूर्ण अनामत जप्त करणं योग्य ठरवलं.

हा कडकपणा मला मान्य आहे. खोट्या बोली लावून लिलाव फिसकटवायचा आणि फेरलिलावात तेच घर पडत्या भावाने उचलायचं, हा खेळ थांबायला हवा. माझा प्रश्न पुढचा आहे. जप्त रक्कम जाते कुठे? नियम म्हणतो, ती कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जमा होईल. ती कर्जातून वजा करावी, असं नियम म्हणत नाही. इकडे फेरलिलाव होईपर्यंत कर्जावर व्याज चढतच असतं. बोलीदाराच्या माघारीची भरपाई बँकेला आणि भुर्दंड कर्जदार बाईला, हा कुठला न्याय?

दिवाणी कोर्टाच्या लिलावात जुना कायदा थोडा शहाणा आहे. तिथेही अनामत सरकारजमा होऊ शकते. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 71 प्रमाणे फेरलिलावात किंमत कमी आली, तर ती तूट माघार घेणाऱ्या बोलीदाराकडून वसूल करता येते. ही मागणी धनकोच नव्हे, तर ज्याची मालमत्ता विकली गेली तो ऋणकोही करू शकतो. हा हक्क किती जणींना कोणी सांगितला असेल?

दुसरी बाजूही विसरू नये. स्वस्तात घर मिळेल म्हणून बचतीचे पैसे लावणाऱ्या बायकाही असतात. ‘जसे आहे, जेथे आहे’ या दोन शब्दांमागे आत राहणारं कुटुंब, थकलेला कर, चालू दावा असं काहीही असू शकतं. बँकेला माहीत असलेले बोजे विक्रीच्या नोटिशीत देणं बंधनकारक आहे. ती माहिती दडवली असेल, तर कर्जवसुली न्यायाधिकरणात 45 दिवसांच्या आत दाद मागावी. ‘माझं कर्ज मंजूर झालं नाही’ एवढ्या कारणावर मात्र अनामत परत मिळेल, या भरवशावर कोणी राहू नये.

आपल्या संघटनांनी दोन मागण्या धराव्यात, असं मला वाटतं. जप्त अनामत कर्जखात्यात जमा झालीच पाहिजे, हे नियमात लिहिलं जावं. आणि बोलीदार चुकल्यामुळे लांबलेल्या काळाचं व्याज कर्जदारावर लादू नये. तोवर केंद्रावर लिलावाची नोटीस घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला बँकेकडून खातेउतारा लेखी मागायला लावू. पहिली बोली कितीची होती, अनामत किती जप्त झाली आणि ती कोणत्या खात्यात गेली, हे विचारायला तिने घाबरायचं कारण नाही.