बंब, टाकी आणि बादली

बालाघाटात थंडीची चाहूल लागली की विजेच्या उपकरणांच्या दुकानांत, पाणी साठवून तापवणारा टाकीचा गीझर घ्यावा की वाहते पाणी जागच्या जागी तापवणारा ‘इन्स्टंट’, हा वाद नेमाने रंगतो. आणि त्या वादात बादलीचे नावही कोणी काढत नाही.

हिशेब सोपा आहे. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर पाणी २० अंशांनी तापवताना मिनिटाला जेमतेम २ लिटर देतो, म्हणजे १५ लिटरच्या बादलीला ७ मिनिटे लागतात. उलट १५ लिटरच्या टाकीतले ६० अंशांचे पाणी २० अंशांच्या तितक्याच पाण्यात मिसळले की दोन बादल्या तत्काळ मिळतात, मात्र तिसऱ्याला थांबावे लागते. त्यात सकाळी व्होल्टेज एक दशांशाने उतरले तरी उष्णता सुमारे एक पंचमांशाने घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गॅस गीझर याहून जलद खरा, पण बंद न्हाणीघरात तो बसवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड या वासहीन विषारी वायूला घरात घेणे होय.

जाहिरातीतला माणूस शॉवरखाली उभा असतो, येथला मनुष्य पाटावर बसून तांब्याने पाणी घेतो, आणि हा भेद दोन्ही गीझरांपैकी एकाच्याही पत्रकात आढळत नाही. तो भेद बंबाला मात्र पुरता कळला होता. मधोमध जाळाची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली राखेची जाळी अशी बंबाची रचना. काही घडणींत नरसाळ्यातून गार पाणी ओतल्याखेरीज तोटीतून गरम पाणी बाहेरच येत नसे, त्यामुळे जो घेईल त्याला भरावेच लागे. ज्या जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे, तेथे तांब्याचे बंब मोडीत वजनावर जावेत, हा योग विचित्रच म्हणायचा. अर्थात तुराट्या फोडणे, धूर खाणे आणि राख काढणे ही कामे बहुधा घरातल्या सुनांकडे असत; बंबाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांत पुरुषांचा भरणा अधिक का, याचा उलगडा त्यातून होतो.