मराठीला जरा हसू द्या की!

महाराष्ट्राबाहेरच्या मराठीवर आपल्याकडे दोनच प्रकारचं लेखन होतं. एक सुतकी आणि दुसरं लढाऊ. सुतकी लेखात मराठी शेवटच्या घटका मोजत असते, लढाऊ लेखात ती अन्यायाविरुद्ध पेटून उठलेली असते. पहिल्यात लेखकाचा गळा दाटतो, दुसऱ्यात मूठ आवळली जाते. पण माणसाला गळा आणि मूठ यांच्याशिवाय तोंडही असतं. त्या तोंडाने तो दिवसभर बडबडतो, मित्राची टर उडवतो, सिनेमातले डायलॉग मारतो, आरतीत शब्द चुकतो आणि स्वतःच खो-खो हसतो. हे मात्र कुणाच्या लेखात येत नाही. का, तर म्हणे हे सगळं 'किरकोळ' आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. भाषा जगते आहे की नाही हे तिच्यातल्या तक्रारीवरून ठरत नाही, तिच्यातल्या थट्टेवरून ठरतं. आणि आपण, म्हणजे गोव्यातले मराठी वाचणारे-लिहिणारे, नेमका हाच पुरावा फाइलीतून काढून टाकतो आणि मग फाइल रिकामी म्हणून गळा काढतो.

उदाहरण मुद्दाम लांबचं घेतो. जवळचं घेतलं की लगेच १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा निघतो आणि मूळ विषय चहाबरोबर थंड होऊन जातो.

नागपूरहून हैदराबादला जाणारा ४४ नंबरचा हमरस्ता पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. आदिलाबाद मागे टाकून निर्मलच्या दिशेने निघालं की वाटेत नेरडीगोंडा लागतं. मंडलाचं गाव, म्हणजे आपल्या तालुक्याच्या ठिकाणासारखं, फक्त पसारा लहान. तेलुगूत नेरेडु म्हणजे जांभूळ आणि कोंडा म्हणजे डोंगर. आपल्याला दोन्ही वस्तू घरच्याच. जवळच कडेम नदीवरचा कुंटाला धबधबा आहे. उंची सुमारे ४५ मीटर. दूधसागर पाहिलेला गोंयकार हा आकडा ऐकून नाक मुरडणार हे मला ठाऊक आहे, पण तेलंगणात सगळ्यांत उंच म्हणून त्याचीच ख्याती. दुष्यंताची शकुंतला इथली आणि तिच्यावरूनच धबधब्याला नाव पडलं, असं तिथे सांगतात. धबधब्यापाशी सोमेश्वराचं स्थान आहे आणि महाशिवरात्रीला तिथे गर्दी लोटते.

आता या मुलखाचा इतिहास कारकुनी थाटात, चार ओळींत. आधी निजामाचं राज्य. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी बाजूला आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ साली तेलंगण झालं. २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे पडले. मुलखात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी आणि उर्दू एकमेकींच्या अंगणात नांदतात. जिल्ह्यात सरकारी मराठी शाळासुद्धा आहेत.

एवढी माहिती हाती आली की आपला सुतकी लेखक लगेच सरसावतो. 'तेलुगूच्या महासागरात एकाकी झुंजणारी मराठी!' लढाऊ लेखक त्याच माहितीवर नकाशा मागतो. मी दोघांना एवढंच विचारतो, की बाबांनो, तिथला माणूस संध्याकाळी काय करतो? सदासर्वकाळ झुंजत असतो का?

त्या मुलखातलं मराठी किती मुरलंय याचा सगळ्यात मोठा पुरावा कुठल्याही ठरावात नाही. तो एका विनोदी शब्दात आहे. हैदराबादी बोलीतला 'नक्को' नकलाकारांनी आणि सिनेमावाल्यांनी देशभर पोचवला. तो नक्को म्हणजे आपलाच 'नको'. कोंकणीत तोच 'नाका'. बोलताना शब्दाच्या शेपटीला 'च' चिकटवायची दख्खनी खोडही मराठीच्या शेजारातच लागलेली. म्हणजे बघा, आपल्या भाषेने दख्खनला दिलेला सर्वांत लोकप्रिय शब्द एक नकार आहे, आणि तो ऐकून लोक हसतात! कुठल्या समितीने हा शब्द पाठवला? कुणी अनुदान दिलं? बाजारात घासाघीस करताना, दोस्ताला दुसरा चहा नाकारताना, लग्नात पानावर आणखी भात पडताना तो पसरला. भाषा अशी पसरते.

आता श्रद्धेकडे वळू, कारण तिथे आपण सर्वांत जास्त गंभीर होतो. आदिलाबादच्या गोंडांमध्ये दिवाळीच्या सुमारास दंडारी निघते. तिच्यातले गुसाडी म्हणजे डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप, अंगाला राख, हातात काठी. ते दिवस व्रताचे, अगदी आंघोळसुद्धा वर्ज्य, कारण अंगात देवाचा वास मानलेला. आणि तेच गुसाडी लोकांच्या खोड्या काढत, विदूषकी चाळे करत हिंडतात. देव अंगात आहे म्हणून चेहरा सुतकी ठेवायला पाहिजे, असं त्यांना कुणी शिकवलेलं नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाईच्या कनकराजूंना या गुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२४ साली ते गेले. गोंड म्हणजे मराठी नव्हेत, त्यांची गोंडी द्राविड कुळातली स्वतंत्र भाषा आहे, तेव्हा उगाच हक्क सांगायचं कारण नाही. पण शेजाऱ्याकडून शिकायला हरकत काय?

आणि शिकायला तिथवर तरी कशाला जा! आपल्या काल्यात संकासुर येतो तो काय प्रवचन करायला? देवळाच्या प्रांगणात, देवाच्या साक्षीने, तो वेडावून दाखवतो आणि गाव हसतं. शिगम्यात काय काय चालतं ते इथे लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहे. चवथीला घुमटावर आरत्या रंगतात. आरती मराठी आणि दोन आरत्यांच्या मधली मस्करी कोंकणी. कुणाचा ताल चुकला, कुणी मधलंच कडवं गाळलं, कोण करंज्यांच्या ताटाकडे डोळा ठेवून भराभर म्हणतोय, यावर जी शेरेबाजी होते ती त्या आरतीचाच भाग असते. ती काढून टाका आणि बघा पुढच्या वर्षी किती पोरं टाळ घेऊन उभी राहतात ते. पोरांनी तर आरत्यांचे शब्दही आपल्या सोयीने वळवून घेतलेत. गणपतीच्या कमरेचा नाग त्यांनी केव्हाच स्वयंपाकघरातल्या फळीवर नेऊन ठेवला आहे! यावर रागावणारा काका प्रत्येक घरात एक असतो. त्याला माझी विनंती आहे की काका, आधी हसा आणि मग अर्थ सांगा. हसता हसता सांगितलेला अर्थ पोरांच्या डोक्यात राहतो. दटावून सांगितला तर पोरं पुढच्या आरतीला अंगणातच खेळत बसतात.

कुणी म्हणेल हा आजकालचा सवंगपणा. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडं लिहिली ती कशासाठी? त्यांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघे एकमेकांच्या धर्मावरून यथेच्छ तोंडसुख घेतात, तुर्क आपल्या हिंदुस्थानीत आणि हिंदू मराठीत, आणि शेवटी दोघांचा मिलाफ होतो. म्हणजे भाषांची भेसळ, श्रद्धेची थट्टा आणि भांडणाचा गोड शेवट, सगळं एकाच जागी, तेही संताच्या हातचं. पैठणला वाहणारी गोदावरी पुढे बासरच्या सरस्वतीपाशी तेलंगणात जाते आणि नांदेडकडची माणसं मुलांना पाटीपूजनासाठी तिथे घेऊन जातात. मराठी मुलाचं पहिलं अक्षर तेलुगू मुलखातल्या देवळात! यात कुणाची अस्मिता बुडाली?

सिनेमाचंही तसंच. २०२३ साली वेणू येल्दंडी यांचा 'बलगम' हा तेलुगू सिनेमा आला. गोष्ट एवढीच, की घरातले आजोबा वारतात आणि पिंडाला कावळाच शिवत नाही. मग भावाभावांची जुनी भांडणं, जावयाचे रुसवे, मटणातल्या नळीवरून झालेला मानापमान, सगळं बाहेर पडतं. तेलंगणातल्या गावागावांत पडदे लावून लोकांनी तो एकत्र बसून पाहिला, हसले आणि ढसाढसा रडले. कावळा न शिवण्याची धास्ती मराठी घराला समजावून सांगावी लागते का? आपल्याकडेही दहाव्या दिवशी सगळे श्वास रोखून झाडाकडे बघतात, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, 'पेजेत मीठ कमी पडलं असणार, त्याशिवाय बाबा येणार नाहीत.' मरणाच्या दारात उभं राहून केलेली ती थट्टा म्हणजे आपली संस्कृती. ती तेलुगूत सिनेमा होऊन आली तर आपण आपलीच ओळख पटवून घ्यायची, की 'परभाषेचं आक्रमण' म्हणून निषेधाचं पत्र पाठवायचं?

सीमेचा सर्वांत झकास विनोद तर खुद्द सरकारांनी केला. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांनी वर्षानुवर्षं हक्क सांगितला. लोकांकडे रेशनकार्डं दोन, मतदानही दोन ठिकाणी. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या महाराजगुडा गावातल्या एका घराची बातमी झाली होती. सीमारेषा घरातून गेलेली, स्वयंपाकघर तेलंगणात आणि खोल्या महाराष्ट्रात! म्हणजे रोज भाकरी आंतरराज्य मार्गाने ताटात. सुतकी लेखकाने यावर 'दुभंगलेलं घर' असा अग्रलेख लिहिला असता. त्या घरातली माणसं मात्र आपली अडचण अजिबात वाटत नाही, दोन्हीकडच्या योजना मिळतात, असं खुशाल सांगत होती. हिशोब कुणाला जास्त कळला?

आता येणाऱ्या आक्षेपांची आगाऊ नोंद घेतो.

पहिला आक्षेप असा की हसण्याने शाळा वाचत नाहीत, त्यासाठी लढावं लागतं. कबूल. शाळा, पुस्तकं, नोकऱ्या यांसाठी अर्ज, मोर्चे, न्यायालय, सगळं करायला हवं. पण शाळा रिकामी कधी होते? मुलाला त्या भाषेत गंमत वाटेनाशी झाली की. ज्या भाषेत मित्राला चिडवता येत नाही त्या भाषेतल्या शाळेसाठी कुठलं मूल आईकडे हट्ट धरणार आहे? लढाई जिंकून मिळवलेल्या वर्गात बसायला शेवटी पोरंच लागतात.

दुसरा आक्षेप असा की भेसळीने भाषा बिघडते. लिहिताना नीट लिहावं, व्याकरण सांभाळावं, याबद्दल वाद नाही. आमच्या कार्यालयात एखादी टिप्पणी वाचताना तर वाटतं की व्याकरणाला पोलिस संरक्षण द्यावं. पण अण्णा आणि अक्का हे द्राविड भाषांतून आलेले पाहुणे आपल्या ओसरीवर इतकी शतकं बसलेत की ते बाहेरचे आहेत असं सांगितलं तर घरातले चिडतील. जीभ मोकळी असली की हात लिहिता होतो. प्रत्येक वाक्याला 'असं नाही, असं म्हण' करणाऱ्या आत्यासमोर भाचा हळूहळू गप्प बसायला शिकतो आणि मग आत्याच परिसंवादात विचारते, 'नवी पिढी कुठे आहे?' नवी पिढी बाहेर मोबाईलवर हसते आहे, आत्याबाई. तुम्ही तिला आत हसू दिलं नाहीत.

तिसरा आक्षेप खास गोव्यातला. आमच्या घरात बोलणं कोंकणी, मग मराठी हसणार तरी कुठे? मला वाटतं, आपलं खरं दुखणं इथेच आहे. आपण मराठीला लग्नपत्रिका, निधनवार्ता, देवळातली सूचना आणि व्यासपीठावरचं भाषण एवढ्यापुरती राखून ठेवली. म्हणजे तिला कायम सोवळ्यात बसवली. सोवळ्यातल्या बाईला पोरं नमस्कार करतात आणि लांब पळतात. जी मराठी गोव्यात आजही उत्साहाने उभी राहते ती बघा कुठे दिसते. गावच्या जत्रेतल्या हौशी नाटकात, जिथे नायकाची मिशी दुसऱ्या अंकात सुटते. घुमटआरतीत. भजनी सप्ताहात रात्री तीन वाजता चहाच्या किटलीभोवती. जिथे जिथे हसणं आहे तिथे तिथे माणसं जमतात. जिथे केवळ 'भवितव्य' आहे तिथे खुर्च्या उरतात.

शिवाय रडायला भाषा लागतच नाही हो. तान्हं मूलही रडतं. पण दुसऱ्याला हसवायचं तर भाषा नेमकी यावी लागते. शब्द कुठे तोडायचा, कुठला शब्द शेवटी ठेवायचा, आजीचा हेल कसा काढायचा, हे सगळं अंगात मुरलेलं असावं लागतं. विनोद हीच भाषेची सर्वांत कडक परीक्षा, आणि तीच आपण अभ्यासक्रमाबाहेर ठेवली.

म्हणून संस्था चालवणाऱ्या मंडळींना एक साधी सूचना. यंदा 'मराठीचे भवितव्य' हा परिसंवाद एक वर्ष रजेवर पाठवा. बिनपगारी नको, भरपगारी पाठवा, तिने पुष्कळ सेवा केली आहे. त्याऐवजी पोरांना सांगा, घरातल्या चवथीची एक फजिती मराठीत लिहून आणा, हवा तेवढा कोंकणी संवाद घाला. नव्या नवऱ्या-नवरीला स्वतः रचलेले उखाणे म्हणू द्या, त्यात सिनेमातला हिरो आला तरी चालेल. ज्येष्ठांना त्यांनी पाहिलेल्या नाटकांतल्या फजित्या सांगू द्या. आदिलाबादकडच्या कुणा मराठी माणसाला बोलवायचं झालं तर त्याला 'तुमच्या व्यथा मांडा' म्हणू नका. त्याला विचारा, तुमच्याकडे जावयाची चेष्टा कुठल्या भाषेत करतात? दोन तास हलू देणार नाही तो.

आणि कुणी हे सगळं किरकोळ म्हटलंच, तर त्यांना हैदराबादी भाषेत आदरपूर्वक उत्तर द्या: नक्को!